व्हिनाइलवर थेट टाइल नको

महोदय,

‘तोडफोड न करता नवी फरशी’ अशा जाहिराती सध्या जागोजागी दिसतात. खालची मोझॅक किंवा शहाबादी फरशी पक्की असेल, तर तिच्यावर योग्य अ‍ॅडहेसिव्हने टाइल बसवण्यात गैर काही नाही. मात्र तोच न्याय जमिनीवर अंथरलेल्या जुन्या व्हिनाइल (म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकच्या) शीटला लावला जातो, तेव्हा एक स्थापत्य अभियंता म्हणून हरकत नोंदवावीशी वाटते.

सिरॅमिक टाइल वाकत नाही आणि व्हिनाइल, विशेषतः खाली फोमचा थर असलेले, दबते. कपाटाच्या किंवा पलंगाच्या पायाखाली ते किंचित जरी दबले, तरी आधी सांध्यांतले ग्राउट (फटींतले भरण) तडकते, मग टाइल ठोकल्यावर पोकळ वाजू लागते आणि शेवटी फुटते. शिवाय सिमेंटचा माल पीव्हीसीच्या गुळगुळीत पृष्ठभागाला धरत नाही. शीट लवचिक राहावी म्हणून तिच्यात मिसळलेली द्रव्ये कालांतराने वर येतात, त्यामुळे पकड आणखी सैल होते. कित्येक घरांत तर शीट चिकटवलेलीच नसते, नुसत्या फर्निचरच्या वजनाने जागेवर राहिलेली असते, हे मिस्त्रीलाही ठाऊक असते.

शीट एकाच थराची, फोमविरहित आणि पूर्ण चिकटलेली असेल, तिच्यावरचे पॉलिश खरवडून प्रायमर मारला असेल आणि अ‍ॅडहेसिव्हच्या उत्पादकाने अशा पृष्ठभागास स्पष्ट अनुमती दिली असेल, तर हे काम टिकूही शकते. पण एवढी काळजी घेण्यापेक्षा शीट उचलणे सोपे, कारण आपल्याकडे तिच्याखाली बहुधा कोबा किंवा जुनी फरशी असते. तळमजल्यावर तर ती उचलावीच; खाली मुरलेली ओल तेव्हाच नजरेस पडते.

वजनाचा विचार तर क्वचितच कोणी करतो. अ‍ॅडहेसिव्हसह टाइलचे वजन चौरस मीटरला साधारण २५ किलो भरते. पण खर्च वाचवण्यासाठी ४० मिलिमीटर वाळू-सिमेंटचा थर टाकून वर टाइल बसवली, तर तेच १०० किलोच्या आसपास जाते. १० बाय १२ फुटांच्या खोलीत हा भार टनाच्या वर होतो. निवासी खोलीच्या स्लॅबचे संकल्पन करताना माणसे आणि सामान यांच्यासाठी चौरस मीटरला सुमारे २०० किलोच धरलेले असतात, हे लक्षात घेतले तर जुन्या इमारतीत त्यातला निम्मा वाटा एका फरशीने खाणे परवडणारे नाही. दरवाजांना रंधा मारावा लागतो आणि न्हाणीघराचा उंबरठा बुटका होतो, ते वेगळेच.

जुने व्हिनाइल उचलावे, या सल्ल्याला एक अपवाद मात्र सांगायला हवा. काही दशकांपूर्वीच्या, ९ इंची कडक व्हिनाइल टाइलमध्ये आणि तिच्याखालच्या काळ्या डिंकात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. अशी टाइल ग्राइंडरने घासू नये आणि कोरडी फोडूही नये, कारण तिची धूळ फुप्फुसांना घातक असते. तपासणी होईपर्यंत तिला हात न लावणेच बरे.

टाइल अ‍ॅडहेसिव्हसाठी ‘आयएस १५४७७’ हे भारतीय मानक आहे आणि त्यात अ‍ॅडहेसिव्हचे प्रकारही ठरवून दिलेले आहेत. कोणता प्रकार कोणत्या पृष्ठभागासाठी आणि व्हिनाइलवर चालतो की नाही, हे उत्पादकांनी पोत्यावर मराठीत ठळकपणे छापावे. गृहनिर्माण संस्थांनीही फरशीच्या कामाला परवानगी देताना खालचा थर काढणार की ठेवणार आणि नव्या थराची जाडी किती, हे दोन प्रश्न अर्जातच विचारावेत.

– एक निवृत्त स्थापत्य अभियंता, ठाणे