मरी गावाला वसवले झऱ्यांनी आणि उठवले डिझेल इंजिनाने

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतला ऑस्ट्रेलियाच्या ‘गॅन’ गाडीवरचा लेख वाचला. वर्णन छान आहे, पण सोबतच्या नकाशात गाडीची रेघ मरी या गावावरून ओढली आहे, ती चुकीची आहे. 1980 पासून ही गाडी मरीला जातच नाही. ती बरीच पश्चिमेकडून, तारकुलामार्गे अ‍ॅलिस स्प्रिंग्जला आणि 2004 पासून पुढे उत्तर किनाऱ्यावरच्या डार्विनपर्यंत जाते. ‘रेल्वे आली आणि उंटवाल्यांच्या पोटावर पाय आला, म्हणून गाव ओस पडले’ हे विधान तर सरळ उलटे आहे.

मरी हे दक्षिण ऑस्ट्रेलियातले गाव. अ‍ॅडलेडपासून रस्त्याने उत्तरेला सुमारे सातशे किलोमीटर, वस्ती आज शंभराच्या आतबाहेर. वर्षाचा पाऊस जेमतेम दीडशे-पावणेदोनशे मिलिमीटर. आपल्या गगनबावड्यात एवढा पाऊस आषाढातल्या एखाद्या दिवसात होऊन जातो. अशा ठिकाणी गाव वसलेच कसे, याचे उत्तर जमिनीखाली आहे.

ऑस्ट्रेलियाच्या पोटात सुमारे 17 लाख चौरस किलोमीटर पसरलेले ग्रेट आर्टेशियन बेसिन, म्हणजे भूजलाचा प्रचंड साठा, आहे. मुख्यतः पूर्वेकडच्या डोंगरउतारांवर पडलेले पाणी वालुकाश्मात मुरते, वर्षाला काही मीटर एवढ्या संथ गतीने पश्चिमेला सरकते आणि खडकाला भेग मिळेल तिथे स्वतःच्या दाबाने वर येते. या झऱ्यांतले क्षार तोंडाशी साचून उंचवटे तयार होतात. मरीच्या आसपासपासून वायव्येला असे झरे ओळीने लागतात. इथल्या मूळ रहिवासी अरबाना लोकांच्या वाटा हजारो वर्षे या झऱ्यांवरूनच जात होत्या. 1859 मध्ये जॉन मॅकडुअल स्टुअर्टच्या शोधमोहिमेतल्या हरगॉट नावाच्या माणसाला इथला झरा दिसला आणि त्याचेच नाव जागेला पडले. 1872 मध्ये पुरी झालेली डार्विनपर्यंतची तारायंत्राची (टेलिग्राफची) लाईन याच ओळीच्या आधाराने गेली आणि तिच्यामागून रेल्वे. 1884 मध्ये रूळ हरगॉट स्प्रिंग्जला पोचले. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन नावे पुसण्याची लाट आली, तेव्हा स्टेशनवरची ‘हरगॉट’ पाटीही उतरली आणि मरी हे नाव राहिले.

रेल्वेने झऱ्यांची ओळ धरली ती वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी भरावेच लागते म्हणून. आणि तिथेच पहिली अडचण आली. हे पाणी खारे आणि क्षारयुक्त. ते तसेच बॉयलरमध्ये घातले की नळ्यांवर क्षारांचा थर चढतो, उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, कोळसा जास्त जळतो आणि शेवटी नळ्या गळू लागतात. म्हणून कर्डिमुर्कासारख्या स्टेशनांवर पाणी मऊ करणारे उंच लोखंडी मनोरे उभारले गेले. पाण्यात रसायन मिसळायचे, क्षारांचा गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचे पाणी टाकीत घ्यायचे, अशी ती व्यवस्था. कर्डिमुर्काचा मनोरा आजही उभा आहे.

आता उंटांकडे. 1865 च्या अखेरीस थॉमस एल्डर या व्यापाऱ्याने कराचीहून मागवलेले शंभरावर उंट पोर्ट ऑगस्टाला उतरले. पहिल्याच खेपेतले बरेच उंट खरजेने दगावले. तरी धंदा टिकला, कारण बैलगाडीला रोज पाणी लागते आणि या मुलखात ते रोज मिळत नाही. पुढच्या अर्धशतकात सुमारे वीस हजार उंट आणि दोन हजारांच्या घरात उंटवाले आले. त्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हटले गेले, पण त्यात बलुची होते, पेशावरचे होते, सिंध-पंजाबचे होते. रेल्वे जिथे संपेल तिथे यांचे काम सुरू व्हायचे. मरी रेल्वेचे शेवटचे स्टेशन झाले आणि त्यांचा मोठा तळ तिथे पडला. रूळ 1891 मध्ये पुढे उडनाडाट्टाला गेले (कोल्हापूर-मिरज लाईन सुरू झाली तेच साल), तरी ईशान्येला शेजारच्या क्वीन्सलँड राज्यातल्या बर्ड्सव्हिलकडे लाईन कधीच गेली नाही. त्या 517 किलोमीटरच्या वाटेचा पीठ-साखर-तारांचा पुरवठा आणि परतीची लोकर मरीतूनच हलत असे.

तगडा नर उंट चार ते सहा क्विंटल ओझे नेतो, पण ओझे दोन्ही बाजूंना अगदी समतोल हवे. एका बाजूला थोडे जड झाले तरी गवत भरलेले खोगीर सरकते, उंटाच्या कुबडाला जखम होते आणि तो उंट महिनाभर बसून राहतो. लोकरीचे गठ्ठे म्हणूनच जोडीने बांधत. तांड्यात कधी कधी सत्तर उंट एकामागे एक. नाकातल्या लाकडी खुंटीला बांधलेली दोरी पुढच्या उंटाला जोडलेली असे, आणि ती मुद्दाम कच्ची ठेवत. पुढचा उंट बिचकला किंवा मागचा अडखळला, तर दोरी तुटावी, नाकपुडी फाटू नये. बैलाची वेसण बघितलेल्या आपल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

गावाची फाळणी मात्र रुळांनीच केली होती. एका बाजूला गोऱ्यांची घरे आणि 1883 चे हॉटेल. दुसऱ्या बाजूला उंटवाल्यांची पत्र्याची घरे, छोटी मशीद, खजुराची झाडे आणि मूळ रहिवाशांची वस्ती. 1901 च्या कायद्याने ऑस्ट्रेलियाने गोऱ्यांखेरीज इतरांना दार बंद केले; आधीपासून राबणाऱ्या या लोकांनाही नागरिकत्व मिळेना. त्यांतला बेजा दरवेश हा बलुची माणूस आधी हिंदुस्थानी फौजेत होता, 1896 च्या कॅल्व्हर्ट शोधमोहिमेत त्याने उंट सांभाळले आणि मग मरीतच स्थायिक होऊन खजुराची बाग लावली. त्या मोहिमेचा प्रमुख वेल्स याने त्याला दिलेले होकायंत्र हा त्या काळातला दुर्मीळ सन्मान.

उंटवाल्यांच्या पोटावर पाय दिला तो मोटारलॉरीने, 1920 च्या दशकात. 1925 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाने बेवारस उंट मारण्याचा कायदा केला. अनेकांनी इतकी वर्षे पोसलेली जनावरे मारण्यापेक्षा मोकळी सोडली. आज तिथे दिसणारे रानटी उंट ही त्यांचीच पिलावळ. बर्ड्सव्हिलची टपाल लॉरी 1936 पासून वीसेक वर्षे एस्मंड ऊर्फ टॉम क्रूझ चालवत असे (सिनेमातला नव्हे). वाळूची टेकडी आली की चाकांपुढे लोखंडी पत्रे टाकायचे, लॉरी त्यांच्या लांबीइतकी पुढे घ्यायची, मागचे पत्रे उचलून पुन्हा पुढे टाकायचे. टेकडी ओलांडेपर्यंत हेच. 1949 मध्ये कूपर नदीला पूर आला तेव्हा टपाल आणि माल होडीतून पलीकडे नेऊन दुसऱ्या गाडीत भरला गेला.

याच वाटेने क्वीन्सलँडचे गुरांचे कळप मरीच्या स्टेशनपर्यंत हाकत आणत. गुरांसाठी सरकारने वाटेवर टप्प्याटप्प्याने खोल बोअर मारले. पाणी आपोआप वर येते, पण ते कढत. थंड व्हावे म्हणून ते उघड्या चरांतून लांबवर सोडले जायचे. त्यात बहुतेक पाणी उन्हाने आणि मुरण्याने वाया जायचे, शिवाय गरम खारे पाणी बोअरचे लोखंडी केसिंग (आतली नळी) कुरतडायचे आणि पाणी बाहेरच्या बाहेर झिरपू लागायचे. शंभर वर्षांनी दाब उतरला, काही जुने झरे आटले. मग बोअरना झडपा बसवणे, सडलेले बोअर सिमेंटने बुजवून नवे घेणे आणि चरांऐवजी पाईप व फ्लोटची कुंडी, असे काम हाती घ्यावे लागले. बोअरचे पाणी उपसताना त्याचा दाब कुणी मोजत नाही, ही सवय आपल्याकडेही आहेच.

मरीची खरी भरभराट 1957 ते 1980 या काळातली, आणि ती गेजबदलाची, म्हणजे दोन रुळांमधले अंतर बदलते तिथे गाडी बदलण्याची. ली क्रीकच्या खाणीतल्या कोळशासाठी 1435 मिलिमीटर रुंदीचा नवा मार्ग दक्षिणेकडून आला आणि 1957 मध्ये मरीला येऊन थांबला. मरीच्या उत्तरेला मात्र जुनाच 1067 मिलिमीटरचा रूळ. म्हणजे अ‍ॅलिसहून आलेला प्रत्येक प्रवासी, प्रत्येक पोते आणि प्रत्येक बैल मरीला उतरायचा आणि दुसऱ्या गाडीत चढायचा. मिरजकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि पंढरपूरकडची नॅरोगेज, तिन्ही त्यांनी एकाच स्टेशनात पाहिल्या. 1971 पर्यंत आपला गूळही मीटरगेजने पुण्याला जाई आणि मुंबईसाठी तिथे ब्रॉडगेजच्या वाघिणीत चढे. प्रत्येक बदलात ढेपा फुटत, दिवस मोडत आणि हमाली लागे. गेजबदलात व्यापाऱ्याचे नुकसान आणि गावाचा रोजगार, दोन्ही असतात. गुरांच्या बाबतीत तर उतरवणे, पाणी पाजणे, मोजणे आणि रॅम्पवरून पुन्हा चढवणे, यात मार लागलेल्या जनावराचा भाव पडतो तो वेगळाच.

मग लाईन का हलली? उत्तरेकडचा जुना मार्ग पुरामुळे पुन:पुन्हा बंद पडत असे. पाण्याच्या मागे जाताना तो कोरड्या ओढ्यांच्या सखल पट्ट्यातून गेला होता, आणि खर्च वाचवण्यासाठी पुष्कळ ठिकाणी पूल न बांधता रूळ पात्रातच टाकले होते. वर्षानुवर्षे कोरडा असलेला ओढा एका रात्रीत फुगला की खडी वाहून जायची आणि रूळ हवेत लोंबायचे. लाकडी स्लीपर वाळवी खायची. अलजेबकिनाचा 578 मीटरचा लोखंडी पूल भक्कम होता, पण एका पुलाने सगळा मार्ग सुधारत नाही. 1950 च्या दशकात डिझेल इंजिने आली आणि झऱ्यांजवळून जाण्याचे कारणच संपले. अभियंत्यांना पहिल्यांदाच कोरडी, उंच जमीन निवडता आली. तारकुला ते अ‍ॅलिस स्प्रिंग्ज हा 831 किलोमीटरचा, काँक्रीट स्लीपरांचा मार्ग 1980 मध्ये सुरू झाला आणि मरीवरून जाणारी ‘गॅन’ बंद झाली. दोन जुनी डिझेल इंजिने अजून तिथल्या स्टेशनात उभी आहेत. आपल्याकडे शिरोलीच्या भरावाआड 2019 आणि 2021 च्या पुरात महामार्ग बंद पडला, तेव्हा उंची आणि मोऱ्यांची चर्चा झाली. प्रस्तावित कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्गाची आखणी करणाऱ्यांनी मरीच्या उत्तरेकडच्या जुन्या लाईनचा नकाशा एकदा समोर ठेवायला हरकत नाही.

लेख वाचून कुणाला मरीला जावेसे वाटले तर: मे ते ऑगस्ट हाच काळ. तिथल्या उन्हाळ्यात (डिसेंबर ते फेब्रुवारी) जाऊ नये. उडनाडाट्टाला 1960 मध्ये 50.7 अंश नोंदले गेले आहेत. मरीहून मार्लापर्यंतची कच्ची वाट सुमारे सव्वासहाशे किलोमीटर; मध्ये इंधन विल्यम क्रीक (सुमारे दोनशे किलोमीटर) आणि उडनाडाट्टा (सुमारे चारशे) इथेच धरावे. पाऊस पडला की वाट अधिकृतरीत्या बंद होते आणि बंद वाटेवर गाडी घातल्यास दंड होतो. खडीवर टायरमधली हवा थोडी कमी ठेवावी, दोन जादा चाके घ्यावीत, माणशी रोजचे किमान दहा लिटर पाणी बरोबर असावे. गाडी बंद पडली तर ती सोडून चालत निघू नये. शोधणाऱ्याला आकाशातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

आपला,
रेल्वेच्या इतिहासाचा एक अभ्यासक
राजारामपुरी, कोल्हापूर