कॉलेजच्या मॅचेस कधी आहेत ते आधी छापा, प्रेक्षक येतील

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या शहर पुरवणीत आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचा निकाल वाचला. चार ओळी होत्या, कुठलं कॉलेज जिंकलं, फायनलचा स्कोअर किती आणि बक्षीस कोणाच्या हस्ते दिलं ते. मॅचेस झाल्या ते मैदान माझ्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आणि मला पत्ताच नव्हता. कळलं असतं तर सकाळीच जाऊन बसले असते, सोसायटीतल्या दोघीतिघींनाही ओढून नेलं असतं. म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी मूळची पंचवटीची. वडील कॉलेजात शिकवायचे, त्यांच्या कॉलेजची मॅच असली की आम्हा भावंडांना घेऊन जायचे, क्रिकेट असो, खोखो असो, व्हॉलीबॉल असो. ते वेड तिथूनच लागलं. लग्नानंतर अमेरिकेत गेले, मिशिगन राज्यात अ‍ॅन आर्बर नावाचं गाव आहे तिथे सगळी नोकरी झाली, आता रिटायर होऊन आम्ही दोघं गंगापूर रोडला राहायला आलोय. त्या गावात मिशिगन युनिव्हर्सिटी आहे आणि तिची फुटबॉलची टीम 1879 पासून खेळतेय. तिकडचं फुटबॉल म्हणजे आपण म्हणतो ते नाही. लांबट चेंडू, तो हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलात तर नवे चार प्रयत्न, नाहीतर बहुतेक वेळा चौथ्याला किक मारून चेंडू समोरच्यांना देऊन टाकायचा. मला ते पटकन कळलं कारण कबड्डी बघून मोठी झालेली, इंचभर जागेसाठी अंगावर जाणं आणि समोरच्याने चारी बाजूंनी घेरणं हे दोन्हीकडे सारखंच.

गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास आणि स्टेडियमची क्षमता 1,07,601. हे आकडे परत एकदा वाचा. 1927 साली बांधलेलं स्टेडियम, मोठा भाग जमिनीत खोदलेला, त्यामुळे बाहेरून आत किती आहे याचा अंदाजच येत नाही, गेटमधून आत शिरलात की एकदम खाली सगळं मैदान आणि समोर पिवळ्या निळ्या रंगाची माणसंच माणसं. 1975 च्या नोव्हेंबरपासून तिथल्या प्रत्येक मॅचला लाखाच्या वर प्रेक्षक आलेत, फक्त 2020 मध्ये कोविडमुळे आत सोडत नव्हते तेवढा अपवाद. आणि खेळणारी कोण तर कॉलेजची पोरं, अठरा ते बावीस तेवीस वर्षांची.

लोक म्हणतात टीव्हीवर जास्त चांगलं दिसतं. दिसतही असेल, पण मॅच सुरू व्हायच्या आधीचे तीन तास टीव्ही दाखवत नाही आणि माझ्यासाठी निम्मी मजा त्यातच. शनिवारी सकाळपासून आजूबाजूच्या गोल्फ कोर्सवर आणि शाळेच्या पार्किंगमध्ये गाड्या लावून लोक शेगड्या पेटवतात, खातात, अनोळखी माणसाला बोलावून खायला घालतात, आमच्या गाडीच्या डिकीत नाशिकहून आणलेला कोंडाजीचा चिवडा असायचा आणि थंडी पडली की मी मोठ्या पातेल्यात मिसळीचा रस्सा न्यायचे, आजूबाजूचे अमेरिकन कांदा लिंबू मागून घ्यायचे. मग हूव्हर स्ट्रीटवरून बँड वाजवत मुलं स्टेडियमकडे निघतात आणि सगळा रस्ता त्यांच्या मागे चालायला लागतो. आत गेल्यावर बँडचा म्होरक्या मैदानाच्या मधोमध उभा राहून पाठीमागे वाकतो, इतका वाकतो की डोकं जमिनीला टेकतं, आणि ते टेकलं की लाखभर माणसं एकदम ओरडतात. इतकी वर्षं बघून पण दर वेळी माझ्या अंगावर काटा आलाय.

बसायला खुर्च्या नाहीत, लांब बाकं, त्यावर नंबर रंगवलेले. सप्टेंबरमध्ये सगळे आपापल्या नंबरात मावतात, नोव्हेंबरमध्ये जाड कोट चढले की त्याच जागेत मावत नाहीत, मग सगळी रांग तिरकी बसते, एकाचा खांदा पुढे एकाचा मागे. सीझन तिकिटामुळे शेजारी दरवर्षी तेच. आमच्या डावीकडे गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेले एक आजोबा बसायचे, त्यांचं आडनाव मला बरीच वर्षं माहीत नव्हतं पण त्यांच्या नातीचा कुठला दात पडला ते माहीत होतं. आई एकदा तिकडे आलेली तेव्हा तिला घेऊन गेलो, नऊवारीवर दोन स्वेटर आणि वरून टीमची पिवळी टोपी, आजोबांनी तिच्या मांडीवर आपलं ब्लँकेट पांघरलं आणि चौथ्या क्वार्टरपर्यंत ती त्यांना मराठीत विचारत होती की आता कोण पुढे आहे, ते बोटांनी सांगत होते.

एक दिवस मात्र सांगितलाच पाहिजे, 27 नोव्हेंबर 2021. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी शेजारच्या राज्यातल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीशी मॅच असते, ही दुश्मनी 1897 पासूनची, वर्षभर बाकी काहीही होवो पण ही जिंकायचीच असं सगळे म्हणतात. आणि आम्ही 2011 नंतर जिंकलोच नव्हतो. बर्फ पडत होता, हातमोज्यातून बोटं बधिर झालेली, आणि हसन हास्किन्स नावाचा पोरगा चेंडू घेऊन पाच वेळा शेवटच्या रेषेपार गेला, 42-27 ने जिंकलो. संपल्यावर लोक बाकांवरून उड्या मारत मैदानात उतरले, पांढऱ्या बर्फावर नुसती गर्दी. यांचा गुडघा दुखत होता म्हणून आम्ही जागेवरच उभे राहिलो, आजोबा रडत होते, मी रडत होते. जानेवारी 2024 मध्ये टीमने राष्ट्रीय अजिंक्यपद पण मिळवलं, वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीला 34-13 ने हरवून, तोही आनंद मोठाच, पण मला विचाराल तर बर्फातला तो शनिवार त्याच्यावर.

आता कोणी म्हणेल तिकडे सगळा पैशाचा खेळ आहे. आहे, पैसा भरपूर आहे आणि वर्षानुवर्षं तो कोचला, युनिव्हर्सिटीला, टीव्हीवाल्यांना मिळत होता आणि ज्यांची हाडं मोडायची त्या पोरांना स्कॉलरशिपवर भागवावं लागायचं. जुलै 2021 पासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिराती करून कमवता यायला लागलं आणि 2025 मध्ये कोर्टातल्या तडजोडीनंतर कॉलेजं थेट पैसेही देऊ लागली, माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं. डोक्याला लागणाऱ्या माराची काळजी मला पण वाटते, नियम कडक झालेत, डोक्यावर मुद्दाम धडक दिली तर बाहेर काढतात, तरी काळजी वाटतेच. पण लाखभर माणसं स्टेडियममध्ये येतात ती पैसा आहे म्हणून येत नाहीत. आपलं कॉलेज, आपल्या गावचं कॉलेज, म्हणून येतात. पैसा त्यांच्या मागून आला.

आणि हे सगळं नाशिकच्या पेपरला का सांगतेय तर पोरं आपल्याकडे पण आहेत. भोसला मिलिटरी कॉलेजची संजीवनी जाधव 2017 मध्ये तैपेईला जागतिक विद्यापीठ स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये रौप्यपदक घेऊन आली. जगभरातल्या कॉलेजच्या पोरींमध्ये दुसरी! ती या शहरात रोज पहाटे पळत होती तेव्हा तिला बघायला किती नाशिककर उभे होते? आपली धावपटू कविता राऊत, तिला सगळे सावरपाडा एक्सप्रेस म्हणून ओळखतात, पण तेही 2010 च्या कॉमनवेल्थमध्ये पदक आल्यावर.

परत आल्यापासून मी जमेल तशा कॉलेजच्या मॅचेस बघायला जाते. एकदा मुलींची खोखोची मॅच बघितली, प्रेक्षक म्हणजे राखीव खेळाडू, दोन सर, चहावाला आणि मी. एक बारकीशी मुलगी खांबाला हात टेकवून इतकी सुंदर वळत होती की पाठलाग करणारी दर वेळी दोन पावलं पुढे निघून जायची, मी जोरात टाळ्या वाजवल्या तर तिने दचकून वळून बघितलं. तिला टाळ्यांची सवयच नव्हती. ब्रेकमध्ये येऊन विचारलं, काकू तुम्ही कोणाच्या आई? म्हटलं कोणाचीच नाही गं, खेळ बघायला आलेय. तिने पळत जाऊन सगळ्या टीमला सांगितलं.

मैदानं आहेत, टीम आहेत, कट्ट्यावर बसून वेळ घालवणारे रिटायर लोक तर गंगापूर रोडला शेकड्याने आहेत. कळतच नाही कधी काय आहे. कॉलेजच्या नोटीस बोर्डवर कागद लागतो आणि तो कॉलेजबाहेर येत नाही, मी एका ऑफिसात विचारायला गेले तर म्हणे पालकांनाच सांगतो. तर माझी विनंती एवढीच की दर सोमवारी शहर पुरवणीत एक छोटा चौकोन द्या, या आठवड्यात कुठल्या मैदानावर, किती वाजता, कोणाची कोणाशी मॅच आहे, मुलींच्या आणि मुलांच्या दोन्ही, आणि आत जायला तिकीट किंवा परवानगी लागते का तेही. कॉलेजांच्या क्रीडा शिक्षकांनी रविवारी संध्याकाळपर्यंत तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅप केलं तरी पुरे. गोळा करून द्यायला कोणी नसेल तर ते काम मी करायला तयार आहे, माझा नंबर वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडलाय, तो छापू नका.

आपली,
एक नियमित वाचक
गंगापूर रोड, नाशिक