मणी ज्योतीतून काढला, पण तयार झाला का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

टॉर्चवर, म्हणजे गॅसच्या ज्योतीवर, काचेचे मणी कसे करावेत हे सांगणारे लेखन बहुतेक वेळा ज्योतीपाशीच थांबते. कांडी वितळवा, सळईवर गुंडाळा, फिरवत राहा, झाला मणी! नवशिके मग टॉर्च आणि रंगीत कांड्यांवर पैसे घालतात आणि भट्टीचे ‘पुढे बघू’ म्हणून सोडून देतात. क्रम उलटा हवा, म्हणून हे पत्र.

ज्योतीबाहेर आलेल्या मण्याचे कवच आधी घट्ट होते. आतली काच मागाहून आकसू पाहते, पण कवच तिला आकसू देत नाही. हा ताण तसाच अडकून राहतो आणि मणी कधी तासाभरात, तर कधी महिन्याभराने, नुसता टेबलावर पडल्या पडल्या तडकतो. यावर उपाय तापानुशीतनाचा, म्हणजे ॲनिलिंगचा: मणी भट्टीत तापत ठेवून सावकाश गार करण्याचा. बहुतेक जण १०४ प्रसरणांकाच्या (तापल्यावर काच किती प्रसरण पावते, त्याचा आकडा) मऊ काचेवर शिकतात. तिचे दीड-दोन सेंटिमीटरचे मणी ५१० अंश सेल्सिअसच्या आसपास तासभर ठेवावेत, मग ताशी ६० अंशांनी ३७० पर्यंत उतरवावेत. त्यापुढे भट्टी बंद करावी आणि ती गार होईपर्यंत दार उघडू नये. मणी भट्टीत ठेवताना त्याची लाली पूर्ण गेलेली असावी, नाहीतर तो चपटतो किंवा शेजारच्याला चिकटतो. फार वेळ बाहेर रेंगाळला तर ‘टिक्’ असा आवाज येतो, आणि मग काही करण्यासारखे उरत नाही.

व्हर्मिक्युलाइट या उष्णतारोधक खनिजाच्या डब्यात किंवा तशाच सिरॅमिक फायबरच्या घडीत मणी खुपसणे म्हणजे ॲनिलिंग नव्हे. त्याने गार होणे थोडे लांबते, इतकेच. मात्र त्यातून धड निघालेले मणी नंतर एकत्र भट्टीत घालून, सावकाश तापवून ॲनिल करता येतात. त्यामुळे स्वतःची भट्टी नाही म्हणून शिकणे अडत नाही. ताण उरला आहे का, हे पारदर्शक मण्यात पाहताही येते. दोन पोलराइझ्ड फिल्म (प्रकाशाची एकाच दिशेची कंपने जाऊ देणारे पातळ पडदे) एकमेकींना काटकोनात धरून मधे मणी ठेवावा आणि मागून उजेड सोडावा. ताण असेल तिथे काच उजळते.

आता ज्योतीपाशी. स्टेनलेस स्टीलची साधारण २.४ मिमी जाडीची सळई मातीच्या लेपात बुडवून पूर्ण वाळवावी. लेप जाड झाला तर पापुद्रे सुटतात, विरळ राहिला तर मणी सळईला कायमचा चिकटतो. काच लावण्याआधी लेप मंद नारिंगी दिसेपर्यंत तापवावा, कारण गार लेपावर काच धरत नाही. जोर लावला की लेप तुटतो आणि मणी सळईवर सैल फिरू लागतो. असा मणी वाचवत बसू नये. काचेची कांडी ज्योतीच्या शेंड्याकडून आत-बाहेर करत आणावी. एकदम मधोमध धरली तर कपच्या उडतात.

भोकाच्या कडा धारदार राहणे हा नवशिक्यांचा नेहमीचा दोष. अशी कड दोरा कापते. याचे कारण बहुधा एकच असते: सळईवर काचेने जेवढी रुंदी धरली, तिच्या मानाने काच कमी पडली. रुंदी न वाढवता मधोमध आणखी काच चढवली, की पृष्ठताण दोन्ही टोके आत ओढून छान खळगी पाडतो. हे जमेपर्यंत एकाच रंगाचे गोल मणी करावेत. ठिपके आणि फुले थांबू शकतात.

डोळ्यांना डिडिमियमचा चष्मा हवा. तापलेल्या काचेतल्या सोडियमची पिवळी झळाळी तो अडवतो, त्यामुळे काच नेमकी किती वितळली हे दिसते. साध्या काळ्या गॉगलने सगळेच अंधारते. प्रोपेन आणि ऑक्सिजनच्या टॉर्चवर पेटवताना आधी प्रोपेन आणि विझवताना आधी ऑक्सिजन, हा क्रम अंगवळणी पडला पाहिजे. ऑक्सिजनच्या जोडांना तेल किंवा ग्रीस लावू नये. गळती साबणाच्या पाण्याने तपासावी. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळला तर जमिनीलगत साचतो. नुसती उघडी खिडकीही पुरत नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर काढायला टॉर्चच्या वर हवा ओढणारा पंखा हवा आणि ताजी हवा पाठीमागून यायला वाट हवी. मण्याच्या भोकातला लेपही पाण्याखालीच घासावा, कारण त्याची कोरडी धूळ फुप्फुसांना घातक असते.

आणखी एक. उरलेल्या कांड्यांचे तुकडे एका डब्यात टाकायची सवय लागते. बोरोसिलिकेट या कडक काचेचा प्रसरणांक ३३, मऊ काचेचा १०४. दिसायला दोन्ही सारख्याच, पण एका मण्यात आल्या तर कितीही काळजीने ॲनिल केले तरी तो फुटतो. कांड्यांवर चिठ्ठी लावावी आणि ओळख न पटणारा तुकडा सरळ फेकून द्यावा.

आपला,
काचेचे मणी शिकवणारा एक वाचक