पांपोरच्या ड्रायव्हर भाईंना, विट्याहून

भाईजान,

सलाम. पत्र मराठीत लिहितेय, कारण माझं हिंदी तुम्ही ऐकलेलं आहे. वाचून दाखवायला आमच्या खानापूर तालुक्यातले गलाईवाले काका श्रीनगरात आहेतच. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी आमच्याकडची माणसं देशभर पांगलीत, आणि तुमच्याकडं तर ती गणपतीही बसवतात. काकांना सांगून ठेवलंय, काही गाळू नका, सगळं वाचा. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. "नाम मत डालना दीदी" असं तुम्हीच बजावलं होतं, आणि का ते मी विचारलं नाही.

२२ एप्रिल २०२५ ची दुपार पुन्हा सांगत बसत नाही. पहलगामच्या वर बैसरनला सव्वीस माणसं मारली. त्यात डोंबिवली, पनवेल, पुण्याची मिळून सहा आपली, आणि हल्लेखोरांना अडवायला गेलेला तुमचा घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाह. आम्ही खाली बेताब व्हॅलीत होतो. सासूबाईंचे गुडघे घोड्यावर बसण्यातले नाहीत, म्हणून वर गेलो नव्हतो. तुम्ही आम्हाला गाडीत घातलंत आणि हॉटेलवर न नेता थेट स्वतःच्या घरी आणलंत.

ज्या टूरवाल्यांना आम्ही सगळे पैसे आगाऊ मोजले होते, त्यांच्या साहेबांचा फोन संध्याकाळपर्यंत बंद. अखेर लागला, तोही तुमच्याच फोनवरून, तेव्हा म्हणाले, "घाबरू नका, जादा मुक्कामाचं तिथंच भागवून टाका." बुकिंगच्या वेळी हाच गृहस्थ घरी येऊन सासूबाईंच्या पाया पडला होता. फोटोसकट. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड कार्ड काश्मीरमध्ये चालत नाही, एवढं जरी त्यानं आधी सांगितलं असतं तरी मी त्याला माफ केलं असतं. आमचे सगळे फोन म्हणजे नुसती घड्याळं झाली होती, आणि इकडं टीव्हीवर बातमी सुरू झालेली.

भात, नमकीन चहा, अंगावर घालायला फिरन हे सगळं तुमच्या घरच्यांनी केलंच. त्या दिवसांत खोऱ्यात अनेकांनी अडकलेल्यांसाठी घरं उघडली, गाड्या फुकट सोडल्या. पण मला राहून राहून आठवतो तो तुमचा फोन. कोपऱ्यात काच तडकलेली, पारदर्शक कव्हरमागं मुलीचा पासपोर्ट फोटो, चार्जरच्या वायरला काळी चिकटपट्टी. तुम्ही आमच्यासमोर त्याचं लॉक काढून टाकलंत, तो सासूबाईंच्या उशाशी चार्जिंगला लावलात आणि म्हणालात, "माँजी, आज ये आपका है. जिसको चाहे लगाओ." आणि खोलीबाहेर गेलात. धंद्याचा फोन, ज्यात सगळी गिऱ्हाइकं, सगळे हिशेब. माझ्या सख्ख्या भावाच्या फोनला हात लावला तरी तो दचकतो.

सासूबाईंना पाठ नंबर म्हणजे बहिणींचे. आटपाडी, तासगाव, पलूस. एकीनं तुमचा नंबर दुसरीला दिला, दुसरीनं जावेला, जावेनं अख्ख्या आळीला. मध्यरात्र उलटली तरी फोन वाजत होता. "आक्का, बरी हायस न्हवं?" एवढं एकच विचारायचं आणि मग दोन्हीकडून रडायचं. आम्ही परत निघालो तरी फोन यायचे थांबले नाहीत, आणि तुम्ही प्रत्येकीला सांगत राहिलात की माँजी ठीक आहेत, खाना खाके गयी हैं. आटपाडीच्या मावशी तर तुमच्याशी मराठीतच बोलायच्या. तुम्ही "जी, जी" म्हणायचात, त्यावर त्यांचं समाधान व्हायचं.

आमच्याच एका नातलगानं त्या नंबरवर फोन करून तुम्हाला नाही नाही ते ऐकवलं. तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. त्यानंच नंतर घरच्या ग्रुपवर फुशारकी मारली, म्हणून कळलं. हा माणूस कऱ्हाडच्या पुढं कधी गेलेला नाही.

आणि ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसले, ते काकांकडून मागाहून कळलं. दुसऱ्या रात्रीही फोन सासूबाईंकडंच होता. त्या रात्री तुमचा भाचा डेहराडूनहून तुम्हाला लावत होता. तिकडं काश्मिरी पोरांना खोल्या सोडून जायच्या धमक्या येत होत्या. तो लावतोय आणि लाइन बिझी, कारण इकडं पलूसची मावशी रडतेय. सकाळी तुम्ही फोन हातात घेतलात, खाली सरकवत बघत राहिलात, आणि आम्हाला विचारलंत, "चाय में नमक चलेगा या मीठी बनाएँ?"

हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं बंद होतं. पेपरांनी पहिली पानं काळी छापलेली. गल्लीत लोक थांबून आमची माफी मागत होते. ज्यांनी काहीच केलं नव्हतं असे म्हातारे हात जोडत होते, आणि कुठं बघावं ते मला कळेना. सगळे तसेच होते असं मात्र मी इथं सांगत नाही. एक तरणा पोरगा चिडून म्हणाला की आज सगळे रडतील आणि उद्या आमच्याच पोरांना उचलतील. तुम्ही त्याला काश्मिरीत काहीतरी बोलून गप्प केलंत. त्याचं बोलणं मी इथं कुणाला सांगितलं तर लोक तोंड फिरवतात, पण मी सांगते. दुकानदारांना सीझनची धास्ती होती, तुम्हाला गाडीच्या हप्त्यांची. पुढं ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळं बंद केल्याची बातमी वाचली, तेव्हा आधी तुमचे हप्तेच आठवले.

आमच्याकडं काश्मीर म्हटलं की डोळ्यांपुढं तिरंग्यातली पेटी येते. साताऱ्याच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात लढताना गेले, तेव्हा सगळा मुलूख रडला होता. तेही तुमच्या घरी सासूबाईंनी बोलून दाखवलं. तुमच्या अम्मींना भाषा कळली नसेल, पण त्या उठून त्यांच्याजवळ येऊन बसल्या. दोघी मग गुडघ्यांवर बोलल्या.

काकांबरोबर पार्सल पाठवतेय. राजापुरी हळद आहे आणि तासगावचा बेदाणा. केशरवाल्या गावाला हळद पाठवतेस का म्हणून हे हसले, पण सासूबाईंचा हुकूम आहे. हळद अम्मींच्या गुडघ्यांसाठी, दुधातून.

आणि भाच्याचं शिक्षण अर्धवट ठेवू नका. सांगलीत वालचंद आहे, विलिंग्डन आहे, प्रवेशाची चौकशी मी करते. सांगलीत आमच्या नणंदेच्या घरी वरची खोली रिकामीच असते. भाडं किती म्हणून विचारलंत, तर मात्र सासूबाईंशी बोलावं लागेल, आणि त्यांच्याकडं तुमचा नंबर पाठ आहे.

तुमची,
विट्याची दीदी