नवजाताचा ‘निगेटिव्ह’ अहवाल आणि गर्भातले रक्त

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी मोठ्या प्रमाणावर चालते आणि त्यासंबंधीच्या भाषणांत ‘रक्त हाडांतल्या मज्जेत तयार होते’ हे शालेय वाक्य हमखास येते. प्रौढांपुरते ते बरोबर आहे. पण तपासणी नवजाताची असेल, तर गर्भातले रक्त कुठून येते हे समजल्याशिवाय अहवालाचा अर्थ लागत नाही.

फलनानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे भ्रूणात हाडाचा मागमूसही नसताना, पहिल्या तांबड्या पेशी भ्रूणाबाहेरच्या पीतककोशात (‘योक सॅक’ या पिशवीत) तयार होतात. त्या मोठ्या असतात आणि रक्तप्रवाहात शिरतानाही त्यांचे केंद्रक शाबूत असते. आयुष्यभर रक्त पुरवणाऱ्या मूळ पेशी मात्र या नव्हेत. फ्रेंच संशोधक दिएतेर्लें-लिएव्र यांनी 1975 मध्ये कोंबडीच्या पीतककोशावर लाव्याचे भ्रूण बसवून पाहिले. या दोन पक्ष्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकावरून वेगळ्या ओळखता येतात, आणि पुढे टिकलेले रक्त लाव्याचे, म्हणजे खुद्द भ्रूणाच्या शरीरातले निघाले. माणसात या मूळ पेशी साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यात महारोहिणीच्या, म्हणजे शरीरातल्या मुख्य धमनीच्या, पोटाकडील भिंतीतून निघतात. झेब्रामाशाच्या पारदर्शक भ्रूणात तर 2010 मध्ये हे घडताना प्रत्यक्ष टिपले गेले: भिंतीतली चपटी पेशी वाकते, शेजारणींपासून सुटते आणि रक्तपेशी होऊन बाहेर पडते. रक्तवाहिनीच रक्ताला जन्म देते, हे मला आजही विलक्षण वाटते.

तिथून या पेशी यकृतात वस्तीला जातात आणि कित्येक महिने तेच रक्तनिर्मितीचे मुख्य ठिकाण असते. मज्जेचे काम तिसऱ्या महिन्याच्या आसपास सुरू होते, पण तिच्याकडे मुख्य भार येतो तो अखेरच्या तिमाहीत.

जागेबरोबर हिमोग्लोबिनही बदलते. गर्भाच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा ही प्रथिनसाखळी असते, आणि सिकलसेलचा दोष तर बीटा साखळीत असतो. जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तात निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन गर्भावस्थेतलेच असल्यामुळे आजार असलेले मूलही सुरुवातीचे काही महिने ठणठणीत दिसते, आणि शिबिरांतली, सिकल हिमोग्लोबिन विरघळते का ते पाहणारी स्वस्त सोल्युबिलिटी चाचणी अशा बाळाला सहज ‘निगेटिव्ह’ ठरवू शकते. अशा मुलांना जंतुसंसर्ग टाळण्यासाठी पेनिसिलिनचा प्रतिबंधक डोस दोन-तीन महिन्यांच्या वयापासून सुरू करायचा असतो. नेमका तोच काळ या चुकीच्या दिलाशात निघून जातो.

म्हणून सहा महिन्यांखालील बाळाचे निदान केवळ सोल्युबिलिटी चाचणीवर करू नये, त्याचे रक्त हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसीसारख्या तपासणीसाठी पाठवावे आणि तो अहवाल येईपर्यंत बाळाच्या कार्डावर ‘निगेटिव्ह’ असा शिक्का मारू नये, अशी आरोग्य विभागाला आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला,
शरीररचनाशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, नागपूर