पालक असूनही पोरकी मुले

पालकांच्या व्यसनापायी शाळा सुटलेल्या मुलांवरील आपल्या दैनिकातील लेख वाचला आणि पटला. मात्र त्यात उपाय म्हणून सुचवलेल्या बालसंगोपन योजनेतील मुख्य अडचण सुटून गेली. मुलांच्या सांभाळासाठी राज्य सरकार या योजनेतून देत असलेल्या दरमहा २२५० रुपयांच्या अनुदानासाठी उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका वगैरे ज्यांनी जमवायचे, ते पालकच अनेकदा शुद्धीवर नसतात. उत्तर नागपुरातील आमच्या वस्तीतली चौथीतली एक मुलगी शाळेतली खिचडी अर्धीच खाते आणि उरलेली धाकट्या भावासाठी डब्यात घेऊन जाते. तिने दाखल्यासाठी तहसील कार्यालयात खेटे घालायचे काय? २०१५ चा बाल न्याय अधिनियम अशा मुलांना काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालके मानतो. तेव्हा शिक्षकांनी किंवा अंगणवाडी सेविकेने कळवताच कागदपत्रे जमवण्याची जबाबदारी बालविकास विभागाने स्वतःकडे घ्यावी.

– एक वाचक, नागपूर