रेल्वे हुकली, पण गाव टिकलं

महोदय,
अमेरिकेतल्या खेड्यांबद्दल आपल्याकडे फारसं छापून येत नाही, म्हणून कॅन्सस राज्यातल्या निकोडेमसविषयी लिहितो. गुलामगिरीतून सुटलेल्या केंटकीच्या कृष्णवर्णीयांनी १८७७ मध्ये हे गाव वसवलं. पुढच्या वर्षी विलियाना हिकमन तिथे पोहोचल्या, तर गाव कुठे दिसेना. पतीने बोट दाखवलं तिथे नुसता जमिनीतून धूर निघत होता. माणसं जमीन खोदून आत राहत होती! ते पाहून त्यांना रडूच कोसळलं. पहिल्या हिवाळ्यात ओसेज आदिवासींनी आपल्या शिकारीतला वाटा दिला, म्हणून लोक तगले, ही आठवण गावाने जपली आहे.

१८८८ मध्ये रेल्वे सॉलोमन नदीच्या पलीकडून गेली आणि दुकानंही तिकडेच हलली. आज तिथे मोजकीच माणसं राहतात. पण दरवर्षी जुलैअखेरीस देशभर पांगलेले वंशज मुलाबाळांसह गावी येतात आणि चुनखडी दगडाच्या टाउनशिप हॉलभोवती पुन्हा गजबज होते. १९९६ पासून हे गाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. अशा गावांवर आपण सविस्तर लेख द्यावेत, ही कळकळीची विनंती.

– एक नियमित वाचक, नाशिक